नऊ नंबरचा बिल्ला

रेवणसिद्धअप्पाच्या नियमांवर अख्ख्या गावात सगळ्यात जास्त कोण हसलं असेल, तर मी. हे आधीच कबूल करून टाकतो. मी नाही सांगितलं तर बायनाबाई सांगेल, आणि तिने सांगितलं की त्यात तिखटमीठ जरा जास्तच पडतं. बायनाबाई म्हणजे माझी बायको. तिच्याविषयी पुढे येईलच, ती आल्याशिवाय राहत नाही.

आमचं गाव राणीसावरगावापासून दोन कोसांवर, माळाच्या कडेला. माझ्या शेतात आजोबांच्या वेळची मोटेची विहीर होती. बांधीव, एका अंगाने पायऱ्या, आणि पायऱ्या अर्ध्यावर उतरल्या की आत एक दगडी कमान. बहात्तरच्या दुष्काळात ती आटली आणि मग कधी भरलीच नाही. त्यात एकदा शेजाऱ्याची कालवड पडून मेली, तेव्हा शेजाऱ्याने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणून ठरवलं, की नवी विहीर पाडायची आणि तिच्यातून निघणाऱ्या दगडामुरमाने ही जुनी बुजवून टाकायची. एका कामात दोन कामं. माझ्या या हुशारीचं मलाच फार कौतुक वाटत होतं.

विहिरीचा गुत्तेदार दत्तराव जिंतूरकडचा. बरोबर सात माणसं आणि माल वर ओढायची यारी. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "मालक, पावसाच्या आत पानी दावतो. फकस्त मधी कुनी बोटं घालू नका." मी म्हटलं, कोण घालतंय बोटं?

बोटं घातली रेवणअप्पाने. नव्या विहिरीपासून जुनीपर्यंत ट्रॅक्टर न्यायचा तर वाट त्याच्या शेतातून होती. दुसरीकडून ओढा आडवा. तेव्हा मी टोपी सावरून त्याच्याकडे गेलो.

हा अप्पा चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीत सव्वीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी गावी परतला होता. उघड्या रानातसुद्धा मान खाली घालून चालायचा, जणू वर कुठेतरी छत आहे आणि ते डोक्याला लागेल. गळ्यात लिंग, लिंगाशेजारी एक पत्र्याची शिट्टी. बोलणं कमी, खोकणं जास्त.

"वाट देतो," तो म्हणाला. "पर जमिनीच्या खाली जे काम हुईल ते माझ्या कायद्यानं."

"कायदा कसला आप्पा? विहीर हाय, खान न्हाई."

"खाली गेलेल्या मानसाला काय फरक पडतो?"

मला वाट हवी होती, म्हणून मी हो म्हटलं. मनात म्हटलं, चार दिवस करील मिरवणूक आणि थकेल.

तो थकला नाही. पहिल्या दिवशी त्याने विहिरीच्या तोंडाशी टाकलेला सगळा ढीग दहा पावलं मागे सरकवायला लावला. म्हणे, पाऊस पडला किंवा सुरुंगाचा हादरा बसला की हा ढीग घसरून खालच्या माणसाच्या डोक्यावर येतो. दत्तरावची माणसं अर्धा दिवस काढलेलाच माल पुन्हा वाहत बसली. दुसऱ्या दिवशी, बार उडवल्यावर आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. भर उन्हात, दुपारी बाराला, आम्ही विहिरीत कंदील सोडत होतो. रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारायचे, "काय हारपलं का पाटील?" मी त्यांना सांगायचो, "आमच्या आप्पाची अक्कल पडलीय, ती हुडकायलोय." लोक हसायचे. अप्पा ऐकायचा आणि कंदिलाकडे बघत राहायचा.

तिसरा नियम बिल्ल्यांचा. डालड्याचा डबा कापून त्याने नऊ गोल पत्रे केले, खिळ्याने ठोकून त्यांवर आकडे पाडले. दोन विहिरींच्या मध्ये लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुंध्यात नऊ खिळे मारले. जो जमिनीखाली जाईल, मग ती नवी विहीर असो की जुनी, त्याने आपला बिल्ला खिळ्याला अडकवून जायचं. वर आला की काढून घ्यायचा. आणि झाडावर एक जरी बिल्ला असेल तर सुरुंग पेटवायचा नाही आणि जुन्या विहिरीत घमेलंभर मुरूमसुद्धा टाकायचा नाही.

आता नंबर वाटताना मला वाटलं, एक नंबर मालकाला. अप्पाने एक ते सात त्या माणसांना दिले, आठ दत्तरावला आणि नऊ मला.

"मालक मी हाय, आप्पा."

"खाली कोन जास्त असतो त्याच्यावर नंबर हाय. तू तर वरच असतोस."

माझ्या मनात त्या दिवसापासून नऊ आकड्याविषयी जो राग बसला, तो बसलाच.

बिल्ल्यांचं पुढे व्हायचं तेच झालं. एकाने बिल्ल्याने पाठ खाजवली, एकाने तंबाखूला चुना त्यावर मळला, पाच नंबरवाल्याने तो घरी पोराला खेळायला दिला. झाडाचे खिळे रिकामे आणि विहिरीत पाच-सहा माणसं. अप्पा शिट्ट्या फुंकून फुंकून खोकायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर लिंबाच्या बुडाशी सात दगड ओळीने मांडलेले. शेंदूर फासलेला, पुढे एक नारळ. साती आसरा. पाण्याच्या ठिकाणी आसरा असतातच आणि त्यांचा मान ठेवला नाही तर त्या माणूस ओढतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अप्पा एक शब्द बोलला नाही. आला, स्वतःसाठी नव्याने कापलेला बिनआकड्याचा बिल्ला खिळ्याला अडकवला, दगडांना हात जोडले आणि विहिरीत उतरला. वर आला, बिल्ला काढला, पुन्हा हात जोडले, निघून गेला.

त्या दिवशी साताच्या सात बिल्ले झाडावर. पाच नंबरवाला तर घरी पळत जाऊन पोराच्या हातातून हिसकावून घेऊन आला.

मला हे थोतांड लगेच कळलं, कारण अप्पा लिंगायत. त्याच्या घरी महादेवाशिवाय दुसऱ्याला पाणीसुद्धा मिळत नाही. त्याची बायको महादेवीआक्का बांधावर येऊन सगळ्यांदेखत कडाडली होती, "गळ्यात लिंग बांधून दगडाला शेंदूर लावतावं? विरूपाक्षाच्या म्होरं कोन्त्या तोंडानं जाताल?"

अप्पा म्हणाला, "खानीत सव्वीस वर्सं कायदा वाचून दावला. येकानं आयकला न्हाई. ह्या बाया न बोलता आयकवायल्यात. मला काय, बिल्ला झाडावर पायजे."

हा संवाद मी पुढे महिनाभर पारावर नकलेसकट करून दाखवला. आसरांना हात जोडणाऱ्या दत्तरावला मी म्हणायचो, "डालड्याच्या डब्याला पाया पडायलास व्हय रं?" मला स्वतःला देवाधर्माचं फारसं काही नाही. तरी खरं सांगायचं तर, नव्या विहिरीत बघायला उतरताना मीसुद्धा बिल्ला अडकवायचो. पण कुणी बघत नसेल तेव्हाच. आसरा आहेत की नाहीत हा प्रश्न वेगळा, आपण त्यांना उगाच डिवचायचं कशाला?

आता मूळ गोष्टीवर येतो. वैशाख लागला होता. आमच्या घरी कुरडयांचा दिवस निघाला. ज्यांनी कुरडया केल्या नाहीत त्यांना सांगतो, गव्हाचा चीक शिजवतात, तो गरम गरम सोऱ्यात घालायचा आणि गच्चीवर उन्हात उकिडवं बसून दाबायचा. चीक घट्ट असला की दाबायला बायांचे हात कमी पडतात. मग घरातल्या बाप्याला धरतात. मागच्या साली मी दोन पायल्यांच्या कुरडया दाबल्या होत्या आणि पुढचे आठ दिवस मला भाकरी मोडता येत नव्हती.

म्हणून मी सकाळीच टोपी घातली आणि म्हणालो, "गंगाखेडला जाऊन येतो. पानी वडायच्या इंजनाचा फुटवॉल आनायचाय. अकराच्या गाडीनं जातो, संध्याकाळच्यानं येतो."

बायनाबाईने माझ्याकडे पाहिलं. "आजच आठवला फुटवॉल?"

"शेतीचं काम हाय. ते काय तुमच्या कुरडया बगून येतंय का?"

आणि मी निघालो. थेट जुन्या विहिरीकडे. त्या विहिरीच्या कमानीत उन्हाळ्यात जो गारवा असतो त्याला तोड नाही. लहानपणापासून माझी झोपायची ती जागा. वरून टाकताना सगळा माल पलीकडच्या अंगाने पडायचा, पायऱ्यांच्या बाजूने कधी नाही. शिवाय ट्रॅक्टरवाला भगवान त्या दिवशी सिमेंट आणायला गंगाखेडला जाणार होता, म्हणजे माल टाकणंच बंद. इतका सगळा विचार करूनच मी उतरलो. मी काही वेडा नाही.

लिंबापाशी आलो. नव्या विहिरीवर यारी कुरकुरत होती, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. माझा हात आपोआप खिशात गेला आणि नऊ नंबर खिळ्याला अडकला. कुणी बघत नव्हतं म्हणूनच अडकवला, हे पुन्हा सांगतो. मग मी खाली गेलो, उशाला टोपी घेतली आणि झोपलो.

माझ्या माघारी वर जे झालं ते मला नंतर कळलं. त्या सालांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी ह्या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा, एसटी कोणत्या दिवशी थांबेल याचा भरवसा नसे. त्या दिवशीही रस्ता अडवलेला. भगवान सिमेंटासाठी निघाला तो अर्ध्या वाटेतून परत आला. रिकामा ट्रॅक्टर उभा ठेवायचा कशाला, म्हणून दत्तरावने खालच्या माणसांना वर घेतलं आणि तो म्हणाला, माल टाकून घेऊ. आणि अप्पाने आदल्याच दिवशी पलीकडच्या काठाला भेग दिसली म्हणून तिकडून ट्रॉली लावायला मनाई केलेली. तेव्हा ट्रॉली लागली पायऱ्यांच्या बाजूला. म्हणजे माझ्या डोक्यावर.

मला जाग आली ती धडधडीने. ट्रॅक्टर अगदी वर. डोळे चोळतोय तोच पायऱ्यांवरून दोनचार दगड टणटण उड्या मारत गेले, एक कमानीच्या तोंडाशी येऊन थांबला. नारळाएवढा होता. मी बाहेर डोकं काढलं, तर वर ट्रॉलीचा फाळका आणि त्यावरून डोकावणारा काळा खडक. पळायचं तर पायऱ्या त्याच्याच खाली. नाही पळायचं तर कमानीचं तोंड बुजणार आणि मी आत. मी ओरडलो, "आरं थांबा!" इंजिनाच्या आवाजात ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लांबलचक, कानात घुसणारी. जन्मात मला एवढं गोड काही ऐकू आलेलं नाही. इंजिन बंद झालं.

"झाडावर नऊ नंबर हाय," अप्पाचा आवाज.

आता मी ओरडायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात वरून बांगड्या वाजल्या.

"चीक आनलाय वो समद्यान्ला. गरम हाय तवर खाऊन घ्या," बायनाबाई म्हणाली.

उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. विचार करा. वर सात माणसं, गुत्तेदार, ट्रॅक्टरवाला, ज्याची मी महिनाभर टिंगल केली तो अप्पा, आणि जिला फुटवॉल आणतो म्हणून सांगितलं ती बायको. आणि मी विहिरीतून टोपी झटकत वर येणार. छे. म्हटलं, अप्पा तर आता टाकू देत नाही. ही मंडळी चीक खायला झाडाखाली बसली की गुपचूप निघू. अब्रूही राहील आणि जीवही.

"नऊ नंबर मालकाचा," दत्तराव म्हणत होता. "मालक कुटं हायत वैनी?"

"गंगाखेडला गेल्यात. फुटवॉल आनायला. कुरडयाचा सोऱ्या दिसला की ह्यान्ला फुटवॉल आठवतो."

माणसं हसली. मी खाली दात खाल्ले.

"बगा आप्पा," दत्तराव म्हणाला. "मालक गावातच न्हाईत. सकाळी येऊन उतरले असतील, बिल्ला इसरले."

"इसरला आसंल. पर बिल्ला झाडावर हाय."

"आवं, त्येंची बायको सांगायलीय की!"

"बायकोनं बिल्ला अडकवला न्हाई. ज्यानं अडकवला त्यानं काढावा."

"मंग काय संध्याकाळपोत्तर ट्रॉली उभी ठेवू? काय बी कायदा लावायलाव!" दत्तरावचा आवाज चढला. त्याची पावलं झाडाकडे गेली आणि परत आली. "हा घ्या. काढला बिल्ला. झाड रिकामं झालं. भगवान, लाव रं चालू!"

आणि इंजिन पुन्हा धडधडलं.

माझी अब्रू त्या क्षणी कुठे गेली मला माहीत नाही. मी ओरडलो. "मी हाय! बायने! मी हाय खाली!" छाती फुटेल इतका ओरडलो. कुणाला काही ऐकू गेलं नाही. अर्ध्या मिनिटापूर्वी एक हाक मारली असती तर भागत होतं, आणि ती मी मारली नव्हती, कारण मला हसतील. बेचाळिसाव्या वर्षी माणूस किती मूर्ख असू शकतो हे मला त्या कमानीत बसून कळलं. फाळक्याची कडी हलल्याचा खणखणाट झाला. मी आजोबांचं नाव घेतलं, मग महादेवाचं, मग न लाजता सातीच्या सात आसरांचं.

माती पडली, पण दगड पडले नाहीत. मी डोळे उघडून वर पाहिलं. ट्रॉलीच्या खाली, सगळ्यात वरच्या पायरीवर, कुणीतरी उभं होतं. पाठ माझ्याकडे, मान खाली घातलेली. दगड आले असते तर आधी त्याच्यावर आले असते.

इंजिन पुन्हा बंद पडलं. भगवान शिव्या देत होता. "आप्पा, मरायचंय का? आता कडी निघाली असती की पुरी!"

"सरा बाजूला," दत्तराव म्हणाला, पण त्याचा आवाज आता तेवढा चढा नव्हता.

अप्पा खोकला. मग बोलायला लागला. ओरडून नाही, तो कधीच ओरडत नसे. विहिरीत आवाज घुमतो म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"कोळसा काढून झाला की बोगदा मोकळा राहतो," तो म्हणाला. "तसाच ठिवला तर वरची जिमीन बसती. मनून वरून पान्यासंगं रेती सोडून त्यो भरायचा. भरायच्या पाळीवर मी होतो. पाळी सुटली, समदी वर आली, अन् फळीवर येक बिल्ला राह्यला. बेचाळीस नंबर. बाजाराचा दिस होता. मला वाटलं, मानूस बाजाराला पळाला, बिल्ला इसरला. मी डोकं चालवलं, दत्तराव. आता तुमी चालवलं तसंच. बिल्ला काढला, खिशात टाकला, अन् म्हनलो सोडा."

झाडावर एक होला घुमत होता तेवढाच.

"त्यो बाजाराला गेला न्हवता," अप्पा म्हणाला.

मी कमानीत बसून ते ऐकलं. मला रडू आलं. ज्या माणसाची मी नक्कल करून लोकांना हसवत होतो, तो माझ्यावर पडणाऱ्या दगडांखाली उभा होता, आणि मी खाली आहे हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. त्याला फक्त पत्र्याचा तुकडा माहीत होता. आता हाक मारायला काही हरकत नव्हती, इंजिन बंद होतं, पण मी टोपीत तोंड खुपसून बसलो.

तेवढ्यात वर बायनाबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "भगवानभाऊ, तुमी रस्त्यातून परत आलाव. मंग अकराची गाडी?"

"कुटली गाडी वैनी? सकाळपासून येकबी गाडी न्हाई. समदं बंद हाय."

"मंग हे गेले कशानं?"

"जीपनं गेले असतील," कुणीतरी म्हणालं.

"जीपबी न्हाई," भगवान म्हणाला. "सायकल बी सोडंनात."

मग बांगड्यांचा आवाज विहिरीच्या काठाशी आला. माझ्याबरोबर तिने वीस वर्षं काढलीत. मी उन्हाळ्यात कुठे झोपतो हे तिला माहीत नसेल असं समजणारा मीच एकटा होतो.

"आवं!" तिने विहिरीत हाक मारली. "कुरडया झाल्या समद्या! वर या आता!"

मी म्हणालो, "आलो."

वर काय गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. सातही माणसं एकदम हसली आणि एकदम थांबली. भगवानने आधी ट्रॅक्टर पुढे काढला. मी पायऱ्या चढून वर आलो, अंगभर धूळ, डोळे लाल, टोपी हातात. बायनाबाई हातात चिकाचं पातेलं घेऊन उभी होती. तिच्या तोंडावर आधी राग आला, मग काय आलं कुणास ठाऊक, पातेलं खाली ठेवून ती मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. "फुटवॉल आनायला गेले हुते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दत्तराव पांढरा पडला होता. बिल्ला अजून त्याच्या मुठीत होता आणि ती मूठ त्याला उघडता येत नव्हती.

अप्पाने त्याची बोटं एकेक करून सोडवली, बिल्ला घेतला आणि झाडाच्या खिळ्याला परत अडकवला. मग माझ्याकडे वळला.

"काढ," म्हणाला.

मी काढला. नंबर नऊ. त्याने माझ्या हातातल्या बिल्ल्यावरून बोट फिरवून आकडा चाचपला, दोनदा. मग त्याने झाडाकडे पाहिलं, नऊ खिळे रिकामे. तेव्हा कुठे तो खाली बसला, आणि मी पहिल्यांदा त्याला मान वर केलेला पाहिला.

मी त्याच्याशेजारी बसलो. माफी कशी मागतात हे मला येत नाही, मी तोवर कधी मागितली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आप्पा, त्यो बेचाळीस नंबर... त्यो बिल्ला कुटंय?"

त्याने धोतराच्या वर करदोटा चाचपला. तिथे किल्लीशेजारी एक पितळी गोल तुकडा होता, झिजून गुळगुळीत झालेला. आकडा आता बोटालाच लागत असेल, डोळ्याला नाही.

"आता तरी सोडा त्याला," मी म्हणालो. "इतकी सालं झाली. टाकून द्या ह्या विहिरीत, मालासंगं जाऊ द्या खाली."

अप्पाने माझ्याकडे असं पाहिलं, की इतकं सगळं होऊनही ह्या माणसाला नियम कळलेला नाही.

"कसा टाकू?" तो म्हणाला. "मानूस वर आला की बिल्ला काढायचा. त्यो अजून खालीच हाय."

माझा नऊ नंबर मुकाट्याने धोतराच्या सोग्याला बांधला, रेवणअप्पाचा हात धरून त्याला उठवलं, चिकाची वाटी त्याच्या हातात दिली, आणि बायकोच्या मागे मागे घरी गेलो. कुरडया झालेल्या नव्हत्याच. दोन पायल्यांचा चीक तसाच पडला होता.